सिमेंट बोर्डानं जमीन घट्ट होत नाही: टाइलखालच्या थरांबद्दल

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. बाथरूमच्या जुन्या टाइल काढल्यावर खाली तुळयांवर ठोकलेला प्लाय निघाला, त्यावर १२ मिमीचा सिमेंट बोर्ड टाकला तर जमीन घट्ट होईल का, ही पहिली. बोर्डाखाली टाइल ॲडहेसिव्ह पसरायलाच हवं की नुसते स्क्रू पुरतील, ही दुसरी. आणि शॉवरच्या भिंतींना हाच बोर्ड लावला तर वॉटरप्रूफिंग वेगळं करावं लागेल का, ही तिसरी. थोडक्यात उत्तरं अशी: होणार नाही, पसरायलाच हवं, आणि हो, करावं लागेल. पण तुमच्या लिहिण्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. जुन्या ग्राउटला, म्हणजे टाइलमधल्या फटी भरणाऱ्या मसाल्याला, दारापासून शॉवरपर्यंत सरळ रेषेत भेग होती आणि त्या रेषेवरच्या टाइल पोकळ वाजत होत्या. तुमची खरी अडचण तिथं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टाइल वाकत नाही आणि ग्राउटही वाकत नाही. टाइल जागोजागी सुट्या झाल्या असत्या तर मी आधी ॲडहेसिव्हवर संशय घेतला असता. सरळ रेषेत गेलेली भेग मात्र बहुतेक वेळा खालच्या प्लायचा सांधा दाखवते, नाहीतर तुळईची रेघ. आता टाइल निघाल्याच आहेत, तर त्या रेषेखाली प्लायचा सांधा येतो का ते बघा. येत असेल तर तुम्ही खाली बसून एक बोट सांध्यावर आडवं ठेवा, म्हणजे दोन्ही कडा बोटाखाली येतील. मग दुसऱ्या कुणाला तरी सांध्याच्या अलीकडे पाय ठेवून वजन टाकायला सांगा, नंतर पलीकडे. एक कड दबली आणि दुसरी जागेवर राहिली तर बोटाला लगेच पायरी लागते. डोळ्यांना न दिसणारी हालचालही अशी कळते. ही पायरी तशीच ठेवून वर कितीही चांगला बोर्ड टाकला तरी भेग त्याच जागी परत येईल.

सिमेंट बोर्डाबद्दलचे बरेच गैरसमज त्याच्या नावामुळे होतात. सिमेंट म्हटलं की मजबूत, असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात हा एक पातळ पत्रा आहे: मधे सिमेंटचा गर आणि दोन्ही अंगांना काचतंतूंची जाळी, किंवा मग सिमेंटमधे तंतू मिसळून दाबलेला फायबर सिमेंटचा बोर्ड. दोघांनी दोन टोकं धरून तो आडवा उचलला तर मधे झोळ पडतो, आणि निष्काळजीपणे उचलला तर मोडतोसुद्धा. म्हणूनच तो नेहमी कडेवर उभा धरून न्यायचा. स्वतःचं वजन आडवं पेलताना जो वाकतो, तो तुमचं वजन पेलणाऱ्या प्लायला काय आधार देणार?

मग तो घालायचा कशासाठी? लाकूड ओलाव्यानं फुगतं आणि सुकलं की आकसतं. टाइल तसं काही करत नाही. सिमेंटवालं ॲडहेसिव्ह थेट प्लायवर लावलं तर त्या ओढाताणीत ते सुटतं. सिमेंट बोर्ड ओला झाला तरी फुगत नाही, कुजत नाही, त्याचे पापुद्रे निघत नाहीत, आणि ॲडहेसिव्ह त्याला घट्ट धरतं. टाइलला मानवेल असा पृष्ठभाग देणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो उत्तम करतो. त्यामुळे जमिनीवर ६ मिमीचा घ्यायचा की १२ मिमीचा, हा मजबुतीचा प्रश्नच उरत नाही. शेजारच्या खोलीच्या जमिनीशी टाइलची उंची जुळवायला जो बरा पडेल तो घ्या. जमिनीवर मी बहुधा ६ मिमीच वापरतो, कारण दारात उंबरठ्याएवढी पायरी झालेली कुणालाच नको असते. उंची भरून काढायचीच असेल तर बोर्ड जाड घेण्यापेक्षा प्लाय जाड करा. त्यानं जमीन खरोखर ताठ होते.

आता ताठपणाचं. भार आल्यावर तुळई मधे किती झुकते यावर सगळं अवलंबून आहे. टाइलसाठी प्रचलित मर्यादा अशी की हे झुकणं तुळईच्या मोकळ्या लांबीच्या ३६०व्या हिश्शापेक्षा जास्त नको. ३.६ मीटर मोकळी लांबी असेल तर १० मिमी. संगमरवरासारख्या नैसर्गिक दगडाच्या लाद्या लावायच्या असतील तर मर्यादा ७२०व्या हिश्शाची, म्हणजे तेवढ्याच लांबीला ५ मिमी. हा हिशेब तुळईचं लाकूड, तिची रुंदी, उंची, दोन तुळयांमधलं अंतर आणि लांबी या सगळ्यावरून करतात. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमची जमीन या मर्यादेत बसते की नाही हे मला इथून सांगता येणार नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर जमिनीवर मधोमध पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं ठेवा आणि बाजूनं टाचा आपटत चाला. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक. हेलकावे खात सांडायला लागलं तर आधी तुळयांकडे बघा, बोर्डाचा विचार नंतर.

तुळया कमजोर निघाल्या आणि खालून जाता येत असेल तर उपाय अवघड नाहीत. तुळईच्या शेजारी तेवढ्याच मापाची दुसरी तुळई पूर्ण लांबीभर बोल्टनं आवळली तर झुकणं साधारण निम्म्यावर येतं. मोकळ्या लांबीच्या मधोमध एक आधार देता आला तर फरक फारच मोठा: लांबी निम्मी झाली की पसरलेल्या भाराखालचं झुकणं सोळाव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येतं. दोन तुळयांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवले तर एका तुळईवरचा भार शेजारच्यांमधे वाटला जातो. तुमच्या त्या भेगेच्या रेषेखाली, प्लायच्या सांध्याला धरून असे ठोकळे बसवा आणि दोन्ही कडा वरून त्यांत स्क्रूनं आवळा. बोटाला लागणारी पायरी त्यानंच जाईल.

बाथरूममधे आणखी एक गोष्ट हमखास बघा. पाइप न्यायला कुणी तुळईला खाच मारली आहे का? तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतो. खाचेमुळे उंची पाचव्या हिश्शानं कमी झाली, तर त्या जागचा ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. अशी खाच मधल्या भागात आणि खालच्या अंगाला असेल तर हे काम टाइलवाल्याचं नाही. बांधकामातल्या जाणकाराला दाखवा, मग पुढचं ठरवा.

प्लायबद्दल थोडक्यात. तुळया मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमीवर असतील तर १८ ते १९ मिमीचा, पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा प्लाय हवा. तुमचा १२ मिमीचा निघाला तर त्यावर दुसरा थर घाला. दुसऱ्या थरातल्या लाकडाचे रेषे तुळयांना आडवे येऊ द्या, सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि भिंतीला चारी बाजूंनी थोडी फट सोडा. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) निघाला तर तो ठेवू नका, एकदा पाणी प्यायला की तो फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही. कुठं चालताना करकर आवाज येत असेल तर तिथं प्लाय तुळईत स्क्रूनं आवळून घ्यायची वेळ हीच. आणि तीन मीटरची सरळ पट्टी टाकून सपाटी बघा. टाइलची एखादी बाजू ३८० मिमीपेक्षा मोठी असेल तर तीन मीटरमधे ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार नको, लहान टाइलला ६ मिमीपर्यंत चालतो. खड्डे बोर्ड टाकण्याआधी भरा, बोर्डाखालच्या ॲडहेसिव्हवर ते काम ढकलू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त वाद होतात. बोर्डाखालचं ॲडहेसिव्ह बोर्ड चिकटवण्यासाठी नसतं, धरून ठेवायला स्क्रू आहेतच. ते असतं पोकळी भरण्यासाठी. प्लाय आणि बोर्ड दोन्ही कितीही सपाट दिसले तरी ते एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत. स्क्रूच्या जागी टेकतात आणि मधे कागदाच्या जाडीची का होईना, पोकळी राहते. पाय पडला की बोर्ड त्या पोकळीत दबतो, पाय उचलला की वर येतो. बाथरूममधे हे दिवसातून कितीतरी वेळा होतं, वर्षानुवर्षं.

अशी नुसती स्क्रूवर बसवलेली जमीन उचलून बघितली की काय झालंय ते लगेच समजतं. टाइल पोकळ वाजत असतात तिथल्या स्क्रूंच्या भोवती बोर्डाची करडी भुकटी जमलेली असते. स्क्रूचं भोक गोल राहिलेलं नसतं, लांबट झालेलं असतं, कारण बोर्ड प्रत्येक पावलाला स्क्रूच्या माथ्यावर घासत आलेला असतो. स्क्रू मात्र प्लायमधे पक्का असतो, हलवून हलत नाही. म्हणजे स्क्रू कमी पडले असं म्हणावं तर तेही नाही. बोर्डाला खालून आधार नव्हता, बाकी काही नाही. स्क्रू दुप्पट मारूनही हे टळलं नसतं.

पसरायचं कसं, तर सिमेंटवालं टाइल ॲडहेसिव्ह घ्या. डब्यातलं तयार चिकट मिश्रण इथं नको, ते बंद थरात नीट सुकत नाही. बोर्ड बनवणाऱ्यानं विशिष्ट प्रकार सांगितला असेल तर तोच वापरा. पावडर पाण्यात गाठी न राहता कालवा, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, पुन्हा एकदा ढवळा, आणि नंतर घट्ट व्हायला लागली म्हणून वरून पाणी घालू नका. प्लाय झाडून ओल्या स्पंजनं पुसून घ्या, नाहीतर कोरडं लाकूड मिश्रणातलं पाणी ओढून घेतं. ६ मिमी चौकोनी दातांच्या थापीनं एका वेळी एकाच बोर्डापुरतं पसरा आणि सगळ्या रेघा एकाच दिशेनं ओढा. गोल गोल फिरवलेल्या रेघांमधे हवा अडकते, सरळ रेघांमधून ती कडेनं निघून जाते.

पहिला बोर्ड टाकून त्यावर नीट पावलं टाकली की स्क्रू मारायच्या आधी मी तो एका कडेनं उचलून बघतो. खालच्या अंगाला रेघा दबून एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या पाहिजेत. सुट्या पट्ट्या दिसल्या तर एकतर मिश्रण घट्ट झालंय, किंवा दात लहान पडतायत, किंवा जमिनीला तिथं खड्डा आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि बोर्ड उचलल्याशिवाय यातलं नेमकं काय ते कळत नाही. काही जण पसरण्याऐवजी बांधकामाच्या गोंदाच्या नळीनं रेघोट्या ओढतात. तसं करू नका. गोंदाच्या दोन रेघोट्यांमधे पोकळीच राहते, उलट आधी नव्हती तिथंही तयार होते.

बोर्डाचा लांब सांधा प्लायच्या सांध्यावर येता कामा नये, आणि चार बोर्डांचे कोपरे एका ठिकाणी भेटता कामा नयेत. विटांच्या थरासारखी ओळ सरकवून घ्या. दोन बोर्डांमधे साधारण ३ मिमी फट सोडतात. काही बनवणारे बोर्ड हलके टेकवायला सांगतात, तेव्हा तुमच्या बोर्डाच्या सूचनापत्रात जे असेल ते पाळा. भिंतीशी मात्र ६ मिमी मोकळी जागा हवीच, आणि ती ॲडहेसिव्हनं किंवा ग्राउटनं भरायची नाही. टाइलही भिंतीपासून तेवढीच लांब ठेवा. वर कडेची पट्टी येतेच, फट दिसत नाही.

स्क्रू सिमेंट बोर्डासाठी बनवलेले, गंजरोधक थराचे घ्या. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू ओलाव्यात गंजतात, आणि त्यांचं डोकं बोर्डात नीट बसत नाही, आवळताना तुटतंही. दोन्ही दिशांनी २०० मिमीवर एक स्क्रू, कडेपासून १२ ते २० मिमी आत, आणि कोपऱ्यापासून सुमारे ५० मिमी दूर, नाहीतर कोपरा उडतो. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाशी सपाट होईपर्यंत आवळा. त्याहून आत घातलं की जाळी फाटते आणि पकड जाते. तसं झालंच तर तो तसाच ठेवून शेजारी दुसरा मारा. लांबी एवढीच घ्या की प्लायची पूर्ण जाडी मिळेल. बोर्डाचे स्क्रू तुळईत जाऊ न देणं मला पटतं. तुळई आणि प्लाय ऋतुमानानुसार वेगवेगळे हलतात, आणि तुळईला थेट अडकवलेला बोर्ड ती हालचाल टाइलपर्यंत पोचवतो. तुळयांच्या रेघा आधी प्लायवर आणि मग भिंतीच्या पायथ्याशी खडूनं काढून ठेवल्या की हे सहज जमतं.

सांध्यांवर ५० मिमी रुंदीची जाळीची टेप लावायची, पण ती अल्कलीरोधक असली पाहिजे. सिमेंट अल्कधर्मी असतं आणि साध्या काचतंतूंना ते हळूहळू खातं, मग टेप असून नसल्यासारखी. टेपवर तेच टाइल ॲडहेसिव्ह सपाट थापीनं दाबून भरायचं. जिप्सम बोर्डाचं सांधे भरायचं मिश्रण इथं चालत नाही, ओलाव्यानं ते मऊ पडतं. जमिनीवर मी टेपिंग टाइल लावता लावताच करतो, म्हणजे सांध्यावर वाळलेला उंचवटा राहत नाही. बोर्ड स्क्रूनं बसलेला असल्यामुळे खालचं ॲडहेसिव्ह सुकायची वाट बघावी लागत नाही, टाइल त्याच दिवशी सुरू करता येतात.

बोर्ड कापायला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही. कार्बाइड टोकाच्या सुरीनं पट्टीला धरून चार-सहा वेळा रेघ ओढा, वरची जाळी पूर्ण कापली गेली पाहिजे. मग रेघेखाली लाकडी पट्टी ठेवून दाबा, गर सरळ तुटतो, आणि मागची जाळी सुरीनं कापून टाका. फायबर सिमेंटचा बोर्ड जास्त कठीण असतो, तो कात्रीसारख्या हत्यारानं बरा कापला जातो. कमोडच्या पाइपसारख्या गोल भोकासाठी ग्राइंडरवर डायमंड ब्लेड किंवा जिगसॉ लागतो, आणि इथं मी तुम्हाला कळकळीनं सांगतो की ते काम घरात करू नका. या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मधे श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. बाहेर कापा, ब्लेडवर पाणी किंवा व्हॅक्यूम ठेवा, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क आणि डोळ्यांवर गॉगल घाला. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. खाली सांडलेली धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं उचला.

भिंतींकडे वळताना आधी एक फरक लक्षात घ्या. जमिनीवर बोर्डाखाली ॲडहेसिव्ह हवं, भिंतीच्या फ्रेमवर नको. भिंतीवर कुणी चालत नाही. तिथं बोर्ड फ्रेमच्या उभ्या दांड्यांवर थेट स्क्रूनं बसतो, आणि दोन दांड्यांमधे त्याला मागून आधार नसतो, म्हणून भिंतीला १२ मिमीचाच घ्या. दांडे ४०० मिमीवर असावेत, स्क्रू प्रत्येक दांड्यावर २०० मिमीच्या अंतरानं. बोर्डाचा प्रत्येक उभा सांधा दांड्यावर आला पाहिजे, येत नसेल तर तिथं जादा दांडा घाला. बोर्ड लावण्याआधी दांड्यांवर लांब पट्टी आडवी धरा. एखादा दांडा आत असेल तर पाचर किंवा पट्टी ठोकून बाहेर आणा, बाहेर आलेला रंध्यानं तासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण भिंत सरळ करायची संधी इथंच आहे. नंतर टाइलखाली ॲडहेसिव्ह जाडपातळ करत बसणं फार त्रासाचं होतं.

आणि आता पाण्याचं. सिमेंट बोर्ड पाण्यानं बिघडत नाही, पण पाणी अडवतही नाही. पाणी टाइलच्या सांध्यातून ग्राउटमधे शिरतं, ग्राउटमधून ॲडहेसिव्हमधे, तिथून बोर्डात, आणि बोर्ड ते आरामात पलीकडे पोचवतो. पलीकडे लाकूड आणि इन्सुलेशन आहे. बोर्ड शाबूत राहतो आणि मागची फ्रेम कुजते. समोरून सगळं छान दिसत असल्यामुळे ते बऱ्याच उशिरा कळतं.

पाणी दोन जागी अडवता येतं. बोर्डाच्या मागे, दांड्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून, किंवा बोर्डाच्या पुढे, टाइलच्या बाजूला रबरासारखं द्रव वॉटरप्रूफिंग लावून. दोन्हींपैकी एकच करायचं. दोन्ही केलं तर मधल्या बोर्डात शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. मागे कागद लावणार असाल तर वरचा कागद खालच्यावर चढला पाहिजे, आणि सर्वांत खालचा शॉवरच्या तळाच्या ट्रे किंवा टबाच्या उभ्या कडेवरून आतल्या बाजूला उतरला पाहिजे, म्हणजे गळून आलेलं पाणी ट्रेमधेच पडेल. माझी पसंती पुढच्या बाजूला वॉटरप्रूफिंगची आहे. पाणी बोर्डापर्यंत पोचतच नाही, अख्खी भिंत कोरडी राहते, आणि स्क्रूची सगळी डोकी झाकली जातात. आधी सांधे आणि कोपरे टेप लावून भरा, वाळू द्या, मग दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा. डब्यावर जेवढी जाडी सांगितली असेल तेवढी भरली पाहिजे, बहुतेक जण फार पातळ लावतात. वाळल्यावर बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरका टाकून बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं त्यात लगेच दिसतात. साबण ठेवायचा कोनाडा असेल तर त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या आणि त्याचे आतले कोपरे सर्वांत काळजीनं झाका.

बोर्डाची खालची कड ट्रेवर किंवा टबावर टेकवू नका. ६ मिमी वर ठेवा. टेकलेली कड खालचं पाणी वातीसारखी वर ओढते. शॉवरच्या आतल्या जमिनीला मात्र बोर्ड घालूच नका. तिथं निचऱ्याकडे मीटरला सुमारे २० मिमी उतार लागतो आणि सरळ बोर्डाला तो देता येत नाही. तयार ट्रे किंवा उताराचा मसाला हेच तिथले पर्याय.

टाइल लावताना बोर्ड आधी ओल्या स्पंजनं पुसा. एकतर कापण्याची धूळ जाते, दुसरं म्हणजे तहानलेला बोर्ड ॲडहेसिव्हमधलं पाणी ओढत नाही. पुढून वॉटरप्रूफिंग केलेल्या भिंतीला हे लागत नाही. अधूनमधून नुकतीच लावलेली टाइल काढून मागं बघा. कोरड्या जागी ८० टक्के आणि शॉवरसारख्या ओल्या जागी ९५ टक्के पाठ ॲडहेसिव्हनं भरलेली असावी, कोपरे तर पूर्णच. भिंत आणि भिंत, भिंत आणि जमीन, टाइल आणि ट्रे, जिथं जिथं दोन पातळ्या भेटतात तिथं ग्राउट भरू नका, सिलिकॉन भरा. तिथं हालचाल होणारच आणि ग्राउटला ती सोसत नाही.

एक गोष्ट वाचणाऱ्या इतरांसाठी. खाली काँक्रीटचा स्लॅब किंवा प्लास्टर केलेली विटांची भिंत असेल तर सिमेंट बोर्डाची गरजच नाही. टाइल थेट त्यावर लागते. काँक्रीटवर बोर्ड ठोकून फक्त एक कमजोर थर वाढतो. आणि लाकडी जमिनीवर उंची अगदीच कमी ठेवायची असेल तर बोर्डाऐवजी टाइलखाली घालायचा प्लास्टिकचा पातळ विलगीकरण थर (खालची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा) हाही चांगला पर्याय आहे. फक्त तोही जमीन ताठ करत नाही, प्लाय आणि तुळयांची अट तीच राहते.

तुमच्या कामात मी बोर्ड आणायच्या आधी भेगेच्या रेषेखालचा सांधा बांधून घेतला असता. तुळयांची मोकळी लांबी, त्यांची रुंदी आणि उंची, दोन तुळयांमधलं अंतर, प्लायची जाडी, खालून जाता येतं का, आणि नव्या टाइलचं माप व प्रकार एवढं मोजून लिहा. दुसरा प्लाय लागेल की ठोकळ्यांनी भागेल हे त्यावरून सांगतो.